अरबी? कशाला?

पुण्यात तुम्ही जपानी शिकताय असं सांगितलंत की पुढचा प्रश्न ठरलेला. "वा! कुठली लेव्हल?" जर्मन म्हटलं की "मग ऑनसाईट नक्की ना?" स्पॅनिश म्हटलं तर लोक आदराने बघतात, जणू पुढच्या महिन्यात माद्रिदला फ्लॅटच घेताय. आणि अरबी शिकतोय म्हटलं की समोरचा दोन सेकंद गप्प होतो. मग आवाज थोडा खाली आणून विचारतो, "कशाला?"

मी हा प्रश्न गेली दोन वर्षं ऐकतोय. शनिवार-रविवार सकाळी वर्गाला जातो, आठवड्यात रात्री गृहपाठ करतो. टीममधल्या एकाने विचारलं, "काय, दुबईची ऑफर आहे का?" आमच्या आत्याने तर आईला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं, "तो बरा आहे ना गं? कोणाच्या नादाला तर नाही लागलेला?" आत्याचा राग नाही. ती निदान मनातलं बोलली. बाकीचे तेच मनात ठेवून 'स्कोप काय आहे' असं विचारतात. म्हणून आजची पोस्ट जरा तापलेली आहे, मंडळी. चहा घेऊन बसा.

मी मूळचा हातखंब्याचा. रत्नागिरीला एसटीने गेलेल्यांना हातखंबा तिठा माहीत असतोच. एक रस्ता मुंबईकडे, एक पालीवरून पुढे गोव्याला आणि कोल्हापूरला, एक खाली रत्नागिरीत. चौपदरीकरणात तिठ्याचा पार चेहरा बदलला, पण त्याचं काम तेच: माणसं बाहेर पाठवणं. लहानपणी रात्री-अपरात्री तिथे मुंबईच्या गाडीची वाट बघत उभी असलेली माणसं दोन प्रकारची असायची. एक साधे चाकरमानी, गोणपाटात तांदूळ आणि बरणीत लोणचं. दुसरे 'गल्फ'वाले, दोरीने करकचून बांधलेली बॅग, वर मार्करने मोठ्या अक्षरात नाव आणि त्याखाली दम्माम, दोहा नाहीतर शारजा. आजूबाजूच्या कितीतरी घरांचे स्लॅब या गावांच्या पैशावर पडलेत. यात मुसलमान घरं जास्त, पण फक्त तीच असं अजिबात नाही. आमच्या वाडीतले वेल्डर, ड्रायव्हर, एसी मेकॅनिकही गेले.

माझ्या आयुष्याची पहिली अठरा वर्षं या जिल्ह्यात गेली. या काळात शाळेत, कॉलेजात, क्लासमध्ये, कुठेही, एकाही माणसाने मला 'अरबी ही शिकण्यासारखी एक भाषा आहे' असं सांगितलं नाही. ज्या भाषेच्या देशांत निम्मा गाव कमावतो ती भाषा आमच्यासाठी अभ्यासाच्या यादीतच नव्हती. बोर्डाच्या बारावीच्या भाषांच्या यादीत अरबी आहे बरं का. रत्नागिरी जिल्हा ज्या मुंबई विद्यापीठाखाली येतो त्याच्या कलिना कॅम्पसमध्ये अरबीचा स्वतंत्र विभाग आहे, एम.ए.पर्यंत शिकता येतं. पण हे मला पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं. मी हे कुणा एका प्राचार्यावर ढकलत नाही. ही आपल्या सगळ्यांच्या डोक्यातली आंधळी जागा आहे.

आता ती आंधळी जागा किती महाग पडते ते सांगतो.

आमच्या शेजारच्या वाडीतले एक चाचा. (नाव, देश, कंपनी काहीही सांगणार नाही.) बावीस वर्षं आखातात पाइपफिटर होते. परत यायच्या आधी ऑफिसात बोलावून तीन कागदांवर सह्या घेतल्या. एक तिकिटाचा, एक पासपोर्ट परत मिळाल्याचा आणि तिसऱ्याबद्दल "हाही त्यातलाच" असं सांगितलं. हातात पैसे आले ते बावीस वर्षांच्या हिशोबाने फारच कमी होते. इथे आल्यावर दुसऱ्या जाणत्या माणसाने आकडेमोड करून दाखवली तेव्हा त्यांनी तिकडे फोनाफोनी सुरू केली. उत्तर आलं, तुमची सही आहे.

दीड वर्ष अरबी शिकून झाल्यावर मी त्या तिसऱ्या कागदाची झेरॉक्स वाचली. वर मथळा होता 'मुखालसा'. म्हणजे फारकतीची पावती, देणं-घेणं मिटल्याचा कागद. खाली एक ओळ होती, 'माझे सर्व मुस्तहक्कात मला मिळाले'. आता हे दोन शब्द जरा हळू वाचा. मुखालसा हा ज्या धातूपासून बनला त्याच धातूपासून आपले खलास, खुलासा आणि खलाशी आलेत. मुस्तहक्कात म्हणजे हक्काचे पैसे, आणि त्यात आपला हक्क जसाच्या तसा बसलाय.

मी चाचांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अरे, कुराण आम्ही लहानपणी वाचलेलं ना. अक्षरं तर मी ओळखतो. तो कागद मी वाचला पण. मोठ्याने वाचला. पण वाचून काय कळणार होतं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माणसाला लिपी येते, उच्चार येतात, शब्द घरच्या मराठीत आहेत, बावीस वर्षं त्या देशात काढलीत, आणि तरी स्वतःच्या हक्काच्या कागदावर काय लिहिलंय ते कळत नाही. सौदी अरेबियाचा २००५ चा कामगार कायदा उघडा, कलम ९ बघा. करार दुसऱ्या भाषेत असला तरी अरबी मजकूर प्रमाण मानला जाईल असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आखातातल्या बहुतेक देशांत कोर्टाची भाषा अरबीच. म्हणजे इंग्रजी प्रत तुमच्या समाधानासाठी आणि अरबी प्रत कामासाठी. आणि आमच्याकडे ती अरबी प्रत वाचून समजावणारा माणूस पंचक्रोशीत शोधावा लागतो.

'तिकडे हिंदीत चालतं' हे मला नेहमी ऐकवलं जातं. चालतं ना! दुबईत टॅक्सीत, वाण्याकडे, साईटवर हिंदी चालते, मल्याळम तर त्याहून जोरात चालते. जिथे काही अडत नाही तिथे सगळंच चालतं. पोलीस चौकी, लेबर ऑफिस, हॉस्पिटल आणि कोर्ट या चार ठिकाणी काय चालतं ते विचारा.

आणि एक गंमत बघा. एके काळी उलटं होतं. आखातातले मोत्यांचे व्यापारी मुंबईला यायचे, इथे पेढ्या चालवायचे, हिंदुस्थानी बोलायला शिकायचे. चलन तर आपलंच होतं. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा 'गल्फ रुपी' छापला. कुवेतने तो १९६१ पर्यंत, बहारीनने १९६५ पर्यंत आणि ओमानने १९७० पर्यंत वापरला. ज्याला गरज असते तो भाषा शिकतो. आता गरज आपल्याला आहे आणि आपण विचारतोय 'कशाला'.

बरं, पोटापाण्याचं सोडा. तुम्ही मराठीचे अभिमानी आहात ना? मग इथे तर तुम्हाला पळवाटच नाही.

आपण रोज अरबी बोलतो. तहसील, महसूल आणि 'त्यात काय हशील?' मधलं हशील, हे तिन्ही एकाच धातूचे. ह-स-ल, म्हणजे मिळणं. अरबीत तीन व्यंजनांचा धातू घ्यायचा आणि ठरलेल्या साच्यात ओतायचा. एका साच्यातून 'करणारा' किंवा 'असणारा' निघतो: मालक, हाजीर, जालीम. त्याच साच्यातून आपला शाहीरही निघाला! (पोवाडा गाणाऱ्याला हे सांगून बघा.) दुसऱ्या साच्यातून 'केलेलं' निघतं: महसूल, मजकूर, मंजूर, मजबूत. तिसऱ्यातून क्रिया: तहसील, तालीम, तपशील, तारीख. मजूर मात्र या दुसऱ्या साच्यातला वाटतो, पण नाही. तो फारसीतून आलेला वेगळाच पाहुणा आहे. मी प्रोग्रामर असल्यामुळे असेल, पण हे पहिल्यांदा फळ्यावर बघितलं तेव्हा वर्गात चक्क उभा राहिलो. धातू हा इनपुट, साचा हे फंक्शन. हान्स वेर नावाच्या जर्मन माणसाचा कोश सगळे विद्यार्थी वापरतात, तोही धातूप्रमाणेच लावलेला आहे. मूळ जर्मन आवृत्ती १९५२ ची. तहसील शब्द 'त' खाली शोधाल तर जन्मात सापडणार नाही, 'ह'कडे जावं लागतं.

नजर आणि नजराणा हे आपल्याला एकाच घरचे वाटतात. अरबीत दोघांतला 'ज' वेगळा, धातूही वेगळा. एक बघण्याचा, दुसरा नवसाचा. आणि कोकणातल्या माणसाला तर मी एवढंच सांगेन की आपले मोसमी वारे अरबी 'मौसिम'वरून आलेत, इंग्रजांचा मॉन्सूनही तिथूनच, पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून. ज्या पावसावर आपली शेती चालते त्याचं नावही अरबी खलाशांच्या शब्दावरून पडलं.

'हे शब्द परके आहेत, काढून टाकले पाहिजेत' असं म्हणणारे कॉमेंटमध्ये येणारच. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, मला माहीत आहे, आणि राजाने आपल्या राज्याची भाषा आपली करावी यात काही गैर नाही. पण कोश करायलाही आधी ते शब्द नीट कळावे लागले ना? आणि पुढे पेशवाईतली पत्रं उघडा. वर सन काय असतो? 'इहिदे सितैन मया व अलफ'. ही चक्क अरबी संख्या आहे. एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हा सुहूर सन, मृगाला सुरू होणारा, म्हणून मृगसालही म्हणतात. त्यात ५९९ मिळवा. १७६०. म्हणजे जून १७६० पासून सुरू झालेलं वर्ष. या वर्षाच्या जानेवारीत, १७६१ मध्ये, पानिपत झालं. मराठ्यांच्या इतिहासातलं सगळ्यात काळं वर्ष त्या वेळच्या मराठी कारकुनाने अरबीत लिहिलंय.

आणि लिहिलंय तेही व्याकरणाने. एकसाठी अरबीत पुल्लिंगी रूप वेगळं, स्त्रीलिंगी 'इहदा' वेगळं. वर्षाला अरबीत 'सना' म्हणतात आणि तो स्त्रीलिंगी शब्द आहे, म्हणून तिथे इहदा येतो, त्याचं मराठी कारकुनाच्या हातून झालं इहिदे. मोडीत लिहिणारा पुण्याचा ब्राह्मण कारकून, त्याला हे व्याकरण माहीत असण्याचं कारण नाही, तरी परंपरेने त्याच्यापर्यंत बरोबर रूप पोचलं. ग. ह. खऱ्यांनी फारसी शिकून 'ऐतिहासिक फारसी साहित्य'चे खंड काढले, माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला, सेतुमाधवराव पगडी होते. ही माणसं 'कशाला' विचारत बसली असती तर आज शिवकालाबद्दल आपण बखरींवरच भागवत असतो. आज इतिहासावरून भांडणारे हजार आहेत, सगळे ट्विटरवर. मूळ कागद वाचू शकणारे किती, ते तुम्हीच मोजा.

आणखी मागे जायचं तर अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, सैमूरला होता. सैमूर म्हणजे आपलं चौल. तिथे दहा हजार मुसलमान राहतात, किनाऱ्यावर राजा झंझ आहे (म्हणजे शिलाहार झंझ) असं त्याने लिहून ठेवलंय. त्यानंतर दहाच वर्षांनी, ९२६ चा राष्ट्रकूटांचा ताम्रपट डहाणूजवळच्या चिंचणीला सापडला, त्यात संजाणचा अधिकारी 'मधुमती' नावाचा ताजिक, म्हणजे अरब, आहे. मुहम्मदचं संस्कृतात मधुमती झालं! मला हे नाव भयंकर आवडतं. हजार वर्षांपूर्वीच्या कोकण किनाऱ्याचं वर्णन वाचायचं असेल तर ते अरबीत आहे, आणि आपण ते इंग्रजी भाषांतराच्या भाषांतरातून वाचतो.

मग येतो शेवटचा आणि खरा मुद्दा, जो कुणी उघड बोलत नाही. 'ती त्यांच्या धर्माची भाषा आहे.' या एका वाक्यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे हे विशेष. हिंदू घरात म्हणून शिकायची नाही, आणि मुसलमान घरात म्हणून फक्त पाठ करायची, समजून घ्यायची नाही. चाचांचं वाक्य आठवा.

अहो, इजिप्तचे कॉप्ट ख्रिश्चन अरबी बोलतात. लेबनॉनचे मारोनाइट चर्चमध्ये अरबीत प्रार्थना करतात. 'अल-मुंजिद' हा कोश भारतातल्या मदरशांत पिढ्यान् पिढ्या वापरला गेला. १९०८ मध्ये तो करणारा लुई मालूफ हा जेझुइट पाद्री होता. 'अल-हिलाल' हे नामांकित मासिक १८९२ मध्ये कैरोत काढणारा जुर्जी जैदान ख्रिश्चन. आणि आपल्याकडेच बघा. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात एक नंबुद्री घरातल्या बाई सरकारी शाळेत अरबी शिकवत होत्या, सुरुवातीला प्रचंड विरोध झाला, त्या मागे हटल्या नाहीत आणि २०१६ मध्ये सन्मानाने निवृत्त झाल्या. केरळ सरकारच्या शाळांत अरबी ही शिकवायची भाषा आहे, साधा विषय, परीक्षेला मार्क. गल्फमध्ये मल्याळी माणूस आपल्या पुढे का असतो याची बरीच कारणं असतील. हे त्यातलं एक नसेल असं मला कुणी पटवून द्यावं.

महाराष्ट्रात माणसं झाली नाहीत असं नाही. माथेरानला १८९९ मध्ये जन्मलेले आसफ फैजी हे कायद्याचे पंडित, अरबीचे विद्वान, १९४९ ते १९५१ इजिप्तमध्ये भारताचे राजदूत. 'दआइम अल-इस्लाम' या फातिमी कायद्याच्या ग्रंथाची संशोधित आवृत्ती त्यांनी कैरोत छापली, आणि आपली हस्तलिखितं मुंबई विद्यापीठाला दिली. ती ग्रंथालयात आहेत. वाचायला कोण जातो?

आता जे शिकवलं जातं त्याबद्दल. इथे माझं काही अरबीवाल्यांशीही पटणार नाही. '३० दिवसांत बोलकी अरबी' छापाची पुस्तकं विमानतळाबाहेर विकली जातात. त्यांना मी शिक्षण म्हणत नाही. 'पाणी दे', 'दरवाजा उघड', 'जी साहेब' एवढंच त्यात असतं. ती नोकराची भाषा आहे. 'माझा ओव्हरटाइम यात धरलेला नाही' हे वाक्य त्या पुस्तकांत नसतं. दुसरं टोक म्हणजे अनेक ठिकाणची पदवी. उताऱ्याचं उर्दूत किंवा इंग्रजीत भाषांतर करा, व्याकरणाचे नियम लिहा, कवीचा परिचय द्या. ज्याला उर्दू येत नाही त्या मराठी पोराने काय करायचं? मराठीतून अरबी व्याकरण नीट शिकवणारं पुस्तक मला दुकानं पालथी घालूनही मिळालं नाही. आणि अशी पदवी घेतलेला विद्यार्थी कैरोत चहा मागू शकत नाही, कारण पुस्तकातली अरबी रस्त्यावर कुणी बोलतच नाही.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच परदेशातल्या मुक्कामाचा प्रश्न येतो. लिखाणाची, बातम्यांची, कोर्टाची अरबी म्हणजे फुसहा. ती मोरोक्कोपासून ओमानपर्यंत एक. घरातली, बाजारातली अरबी प्रत्येक देशाची वेगळी. 'कसा आहेस'ला कैरोत 'इज्जय्यक', दमास्कसला 'कीफक', आखातात 'श्लोनक', म्हणजे शब्दशः 'तुझा रंग काय'! कैरोत 'ज'चा 'ग' होतो, जमालचा गमाल. कहवाचा 'क' गिळून अहवा होतो. सगळ्यात भारी शब्द 'ऐश'. मूळ अर्थ जगणं. इजिप्तमध्ये ऐश म्हणजे भाकरी. आखातात ऐश म्हणजे भात. आणि आपण काय करतो? ऐश! ज्याच्या त्याच्या जगण्याची कल्पना.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण, रत्नागिरी तालुक्यातलीच, अरबीत एम.ए. करून वर्षभर कैरोत राहून आली. ती सांगते, पहिले तीन महिने तिला भाजीवाल्याचं एक वाक्य कळत नव्हतं आणि भाजीवाला तिच्या शुद्ध फुसहावर हसून लोळायचा. (कल्पना करा, मंडईत कुणी ज्ञानेश्वरीच्या भाषेत मेथी मागतंय.) सहाव्या महिन्यात ती रिक्षावाल्याशी भांडली आणि जिंकली. तिच्या मते तीच तिची खरी डिग्री. आज ती हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या इराकी आणि ओमानी रुग्णांसाठी दुभाषी आहे. कॅन्सरचा रिपोर्ट आईला सांगायचा की फक्त मुलाला, आणि कुठल्या शब्दांत, हे ती ठरवते. हे तिला पुस्तकाने शिकवलं नाही आणि विद्यापीठाशिवायही आलं नसतं. दोन्ही लागतं. फक्त गल्लीची अरबी असेल तर कागद वाचता येत नाही, फक्त कागदाची असेल तर माणसाशी बोलता येत नाही.

जगाला हे कळलेलं आहे. इंग्रजांनी १९४७ पासून लेबनॉनच्या डोंगरात शेमलान गावी आपल्या अधिकाऱ्यांसाठी अरबीची शाळा चालवली, १९७८ पर्यंत. (लेबनॉनी लोक तिला 'हेरांची शाळा' म्हणायचे, ते असो.) अमेरिकेचं परराष्ट्र खातं अरबीसाठी ८८ आठवडे, २२०० तास धरतं. फ्रेंचच्या तिप्पट. १९६७ पासून त्यांचे विद्यार्थी कैरोला वर्षभर राहून शिकतात. आपलं परराष्ट्र खातंसुद्धा अरबी भाषा मिळालेल्या नव्या अधिकाऱ्यांना अरब देशात शिकायला पाठवतं. म्हणजे दिल्लीतल्या साहेबाला वर्षभर तिकडे राहिल्याशिवाय अरबी येत नाही हे सरकारला मान्य आहे. हातखंब्याच्या फिटरला मात्र ती विमानातच यावी!

आता आपल्या धंद्याकडे येतो. एका प्रोजेक्टमध्ये आखातातल्या क्लायंटची वेबसाईट अरबीत करायची होती. डेडलाइन जवळ, बजेट नाही, म्हणून सगळे शब्द मशीनमधून काढले. 'होम' बटणाचं झालं 'मन्झिल', म्हणजे राहतं घर. (आपला मजला आणि 'मजल दरमजल' हे त्याचेच नातेवाईक.) 'डिलिव्हरी फ्री' मधल्या फ्रीचं झालं 'हुर्र', म्हणजे गुलामीतून मुक्त. क्लायंटने स्क्रीनशॉट पाठवले, खाली हसणारे चेहरे. नंतर आलं अनेकवचन. आपण काय लिहितो? एक असेल तर हे, नाहीतर ते. अरबीसाठी युनिकोडवाले सहा प्रकार मोजतात: शून्य, एक, दोन, तीन ते दहा, अकरा ते नव्व्याण्णव आणि बाकीचे. दोनला स्वतंत्र द्विवचन. तीन ते दहाला नाम अनेकवचनात, अकरापासून परत एकवचनात! आमच्या टीममध्ये एकवीस माणसं, त्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. जपानी येणारे मात्र तिघे होते.

आणि द्विवचन ऐकून घाबरणाऱ्यांसाठी: दहावीला संस्कृत कुणी घेतलं होतं? सगळ्यांनी, स्कोअरिंग म्हणून. देवः देवौ देवाः घोकलं होतं ना? धातू, विभक्ती, द्विवचन, हे सगळं आपल्या डोक्यात बसवून झालेलं आहे. अरबीत विभक्ती तर तीनच. ओहायोतल्या पोराला 'धातू' ही कल्पना समजायला महिना जातो, आपल्याला ती आधीच माहीत असते, वर निम्मा शब्दसंग्रह पेशव्यांनी देऊन ठेवलेला. ही भाषा आपल्याला सोपी जायला हवी. आपण ती हातची घालवतोय.

'पण आता एआय आहे ना, फोन धरला की भाषांतर.' आहे. मीही वापरतो, ढोंग कशाला करू? साध्या पत्राचं भाषांतर हल्ली खरंच चांगलं येतं. पण ऑफिसात सही घेणारा माणूस समोर पेन धरून उभा असताना फोन काढायचा धीर कुणाला होतो? आणि फोनने सांगितलं 'सर्व देय रक्कम मिळाली', तर हे वाक्य धोक्याचं आहे, सही न करता 'हक्क राखून' असं लिहायला सांगता येतं का, हे विचारायला सुचण्यासाठी आधी डोक्यात काहीतरी असावं लागतं. मशीन चुकलं हे ओळखायला मशीनपेक्षा जास्त येणारा माणूस लागतो. आपण सॉफ्टवेअरवाले हे कोडबद्दल रोज म्हणतो. भाषेबद्दल म्हणायला काय हरकत आहे? (हरकतही अरबी. आता थांबतो.)

मला काय हवं आहे ते सांगतो. विद्यापीठाचं रत्नागिरीला उपकेंद्र आहे. तिथे अरबीचे वर्ग, मराठी माध्यमातून, सगळ्यांना खुले. सुरुवात लिपीपासून, शेवट करारनामा, हॉस्पिटलचा रिपोर्ट आणि मोडी कागदावरच्या सुहूर सनापर्यंत. दरवर्षी निदान पाच जणांना वर्षभर कैरो किंवा दोहाला पाठवायचं. परक्यांना अरबी शिकवणारे वर्ग तिकडच्या विद्यापीठांत आहेत, काही ठिकाणी शिष्यवृत्तीही मिळते, फक्त अर्ज करणारा इथून तयार व्हायला हवा. गल्फच्या पैशावर बांधलेल्या मशिदी, देवळं, हॉल आपल्याकडे कितीतरी आहेत. त्या पैशातला थोडा या पाच पोरांवर खर्च झाला तर कुणाचा देव रागावेल असं मला वाटत नाही.

चाचांचा पुतण्या येत्या महिन्यात निघतोय. एसी टेक्निशियन, वय तेवीस. परवा त्याने कराराचे पाच फोटो पाठवले, "दादा, एकदा बघ ना." इंग्रजीत कामाचे तास आठ लिहिलेत. अरबीत त्या आकड्यापुढे अर्धी ओळ जास्त आहे. दोन शब्द मला लागले नाहीत, ते मैत्रिणीला पाठवलेत. तिची ड्यूटी रात्री नऊला संपते. तोपर्यंत सही करू नकोस असं त्याला सांगून ठेवलंय.